मुसोचा पाचू, मुसोची माणसं

कोलंबियाच्या बोयाका प्रांतात, अँडीजच्या पूर्वेकडच्या रांगेत मुसो नावाचं गाव आहे. आपल्याकडच्या रत्नबाजारात त्याला ‘मुझो’ म्हणतात आणि गर्द हिरव्या पाचूसाठी हेच नाव मानाचं समजतात. १५५९ साली स्पॅनिशांनी इथे ठाणं वसवलं, ते मुसो लोकांशी अनेक वर्षं झुंजून. मग त्याच लोकांना खाणीत जुंपलं. तो पाचू पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे मुघलांच्या खजिन्यातही पोचला. २१७.८० कॅरटच्या प्रसिद्ध ‘मुघल’ पाचूवर हिजरी ११०७ हे वर्ष कोरलंय. औरंगजेब दख्खनेत मराठ्यांशी लढत होता त्या काळातलं. दगड मात्र कोलंबियाचा.

विसाव्या शतकात आधी सरकारने, नंतर खासगी ठेकेदारांनी खाणी चालवल्या. बुलडोझर डोंगर खरवडत आणि काळ्या पाटीच्या खडकाचा चुरा खाली मिनेरो नदीकडे लोटत. त्या चिखलात हजारो माणसं फावडी घेऊन उभी राहत. त्यांना ग्वाकेरो म्हणतात. ठेकेदाराच्या नजरेतून निसटलेला एखादा हिरवा खडा, एवढीच त्यांची आशा. बहुतेकांच्या हाती दिवसाअखेर चिखलच यायचा. माझ्या मते मुसोच्या गरिबीचं मूळ पाचूच्या आकारात आहे. लोखंडाच्या खाणीला रेल्वे लागते, गोदामं लागतात. पाचूला खिसा पुरतो. खिशातून तो बोगोटाला गेला, तिथून जगभर, आणि मुसोचा रस्ता कच्चाच राहिला.

त्या खिशांवरूनच ‘हिरवी युद्धं’ पेटली. ऐंशीच्या दशकातल्या लढाईत पश्चिम बोयाकात हजारो माणसं मारली गेली. १९९० मध्ये चर्चच्या मध्यस्थीने पाचूच्या धंद्यातल्या, आपसांत लढणाऱ्या घराण्यांनी तह केला. त्यातले सर्वांत बलाढ्य व्हिक्टोर कारान्सा २०१३ साली वारले.

नंतर मोठी खाण परदेशी भांडवलाच्या कंपनीकडे गेली. काम बोगद्यांत गेल्यावर नदीत पडणारा चुरा घटला, आणि त्यावर जगणाऱ्यांचं पोटही खपाटीला गेलं. पूर्वी बाईने बोगद्यात उतरणं अपशकुनी मानत. आता घर एकटीने चालवणाऱ्या कितीतरी बायका लहान खाणींत कुदळ चालवतात. डोंगरउतारांवर कोकोची लागवडही होते आहे.

पाचूची अंगठी घ्याल तेव्हा तो कुठल्या खाणीतला, कुणाच्या हातून आला, हे सराफाला जरूर विचारा.