आतड्यातले राखणदार

आपल्या मोठ्या आतड्याचे आतले अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते, हे सांगितले तर खरे वाटत नाही. अस्तरात बारीक खळगे असतात. त्यांच्या तळाशी पेशी जन्मतात, वर सरकतात आणि गळून जातात. हा जमाखर्च बिघडला की तेथे मांसांकुर उठतो. हिशेब राखणाऱ्या जनुकांपैकी 'एपीसी' या एकाचीच हकिगत आम्ही सांगणार आहोत.

१९२५ साली लंडनचे शस्त्रवैद्य लॉकहार्ट-ममरी यांनी काही कुटुंबांची नोंद केली. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या आतड्यात असंख्य मांसांकुर उठत आणि पुढे कर्करोग होई. १९८७ मध्ये या दोषाचा माग पाचव्या गुणसूत्रावर लागला आणि १९९१ मध्ये ते जनुक हाती आले.

ते करते काय? पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचे एक प्रथिन असते. ते साचले, की पेशीकेंद्रात शिरून 'वाढा, विभागा' असा हुकूम सोडते. एपीसीचे प्रथिन आपल्या साथीदारांसह त्याची वेळच्या वेळी विल्हेवाट लावते. राखणदार गेला, की हुकूम थांबतच नाही.

मात्र प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक शाबूत असली तरी बहुधा भागते. दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, हा तर्क नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडला. तोही लहान मुलांच्या डोळ्यांतील कर्करोगावरून! त्या कुटुंबांत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. तुमच्याआमच्या बाबतीत दोन्ही बिघाड एकाच पेशीत घडावे लागतात; म्हणून हा रोग बहुधा उतारवयात गाठतो.

मांसांकुर म्हणजे कर्करोग नव्हे, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. पुढे आणखी जनुके बिघडतात. सतराव्या गुणसूत्रावरचा 'पी-५३' हा दुसरा राखणदार बहुधा शेवटी-शेवटी ढळतो. या साऱ्याला बहुतेकदा दहा-दहा वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत दुर्बिणीने मांसांकुर काढून टाकता येतो.

त्या कुटुंबांचे मात्र तेवढ्यावर भागत नाही. मांसांकुर शेकड्यांनी असतात. वेळेवर आतडे काढले नाही, तर चाळिशीच्या सुमारास कर्करोग जवळजवळ ठरलेलाच. सोयरिकीच्या धास्तीने घरचे दुखणे झाकण्याची आपली रीत येथे घातक ठरते, असे आम्हांस वाटते. रोगी माता-पित्याच्या प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याचा संभव निम्मा असतो. घरातील नेमका बिघाड ठाऊक असेल, तर रक्ताच्या तपासणीने तो कोणाकडे आला हे कळते. ज्याच्याकडे आला, त्याची दुर्बीण-तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासूनच सुरू करतात. ज्याच्याकडे आला नाही, ते मूल या साऱ्यातून सुटते.