पडलेल्या झाडांची पाच वर्षं

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० च्या दुपारी अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. त्यानंतर बातम्या आल्या त्या बहुतेक नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या, उडालेल्या पत्र्यांच्या आणि गेलेल्या विजेच्या. ते सगळं खरंच होतं. केळशी, आंजर्ले, हर्णै, दिवेआगर इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या एका दुपारात आडव्या झालेल्या पाहिल्या. पण गावामागच्या डोंगरउतारावर, वरकस जमिनीत आणि मालकी रानात जे पडलं त्याच्याकडे बघायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. ऐन, किंजळ, फणस, शिवण, जांभूळ. त्यातली कित्येक झाडं माझ्या आजोबांच्याही आधीची. गेली पाच वर्षं मी दापोली तालुक्यातल्या आमच्या आणि शेजाऱ्यांच्या रानात या लाकडाच्या मागे आहे. माझं आता ठाम मत झालंय की त्यातलं चांगलं लाकूड वाया गेलं ते वादळानंतरच्या चार-सहा महिन्यांत.

वादळ आलं तेच पावसाच्या तोंडावर. आठवड्या-दोन आठवड्यांत मृग धो-धो लागला आणि ओंडके लाल चिखलात पडून राहिले. अशा लाकडात आधी जातं ते सालीलगतचं पांढरं लाकूड. त्यात साखर आणि पिष्ट असतं, त्यावर भुंगे आणि बुरशी दोन्ही तुटून पडतात. आंब्याचा ओंडका तर काही आठवड्यांतच निळा-काळा पडायला लागतो. फणसाचा पिवळा गाभा आणि ऐनाचा तपकिरी गाभा बराच काळ तग धरतो, पण तोही जमिनीला टेकून राहिला तर वाळवीला फार दिवस लागत नाहीत.

हात तर लगेच लावता येत नव्हता. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ, खैर ही झाडं १९६४ च्या झाडतोड नियमनाच्या कायद्याच्या यादीत आहेत. झाड आपल्या जमिनीतलं असलं, आपोआप पडलेलं असलं, तरी लाकूड हलवायचं तर पाहणी, ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक परवाना लागतो. हा कायदा मला जाचक वाटत नाही. तो नसता तर कोकणातल्या डोंगरांवर आज जे शिल्लक आहे तेही दिसलं नसतं. पण त्या जूनमध्ये घरांचे पंचनामे आधी होणार हे उघडच होतं, रानातली झाडं शेवटी. तोवर पाऊस आपलं काम करत होता. ज्यांना थांबणं परवडलं नाही त्यांनी नंतर सगळं जळाऊ म्हणून टनाच्या भावाने देऊन टाकलं. त्यांना दोष कसा देणार? घरावर कौलं नव्हती.

त्या वर्षी एकच गोष्ट जुळून आली. टाळेबंदीमुळे मुंबईचे चाकरमानी गावातच होते. एरवी गणपतीला आठ दिवस येणारी तरुण मुलं महिनोन्‌महिने घरी होती, हाताला काम नव्हतं आणि अंगात जोर होता. कटर चालवणारे दोघं-तिघं शेजारच्या वाडीत होतेच. आणि गावात सत्तरी ओलांडलेले सुतारकाका होते, ज्यांच्याकडे गेली कित्येक वर्षं प्लायवूडवर सनमायका चिकटवून देण्यापलीकडे कुणी काही मागितलं नव्हतं. ओंडके हलवता येत नसले तरी जागच्या जागी राखता येतात, हे मला त्यांच्याकडून कळलं.

पहिल्यांदा रानात आले तेव्हा त्यांनी काठीने एकेका ओंडक्यावर ठोकून बघितलं. आवाज भरीव आला की पुढे, बद्द आला की तो सोडायचा. मग म्हणाले, "आधी तोंडं बंद कर. फळ्यांचं मागाहून बघू." तोंडं म्हणजे ओंडक्याची दोन टोकं. झाडात पाणी खालून वर चढतं त्याच उभ्या नळ्यांतून ते बाहेरही पडतं, त्यामुळे टोकं बाजूंपेक्षा कितीतरी भरभर वाळतात आणि तिथूनच तडे आत शिरतात. काका शेण आणि चिकणमाती लिंपत आले होते. आम्ही घरात उरलेला तेलरंग जाडसर फासला. मग पहारी घालून प्रत्येक ओंडका उचलला आणि खाली दगड सारले, म्हणजे मातीचा स्पर्श तुटला. एवढं केलेलं लाकूड आणि न केलेलं लाकूड यांतला फरक दिवाळीपर्यंत कुणालाही दिसण्याइतका स्पष्ट झाला होता.

लहान ओंडके पऱ्याच्या कोंडीत बुडवून ठेवले. ही कोकणातली जुनी रीत. बांबू असा मुरवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, लाकडालाही तोच न्याय. पाण्यात पांढऱ्या लाकडातली साखर आणि पिष्ट बरंचसं निघून जातं, आणि खायलाच काही उरलं नाही की भुंगा फिरकत नाही. कोंडीचं पाणी काळं होतं आणि वासही सुटतो, तेव्हा जिथे गुरं पाणी पितात तिथे हे करू नये.

परवाने आले तेव्हा सरळसोट बुंधे मिलवर गेले. ऐन आणि किंजळीचे वासे पाडून त्याच वर्षी घरांवर चढले. ज्या वाऱ्याने छप्परं नेली त्याच वाऱ्याने पाडलेली झाडं त्या छपरांखाली गेली. वाशाला लाकूड पूर्ण वाळलेलं असावंच असं नाही, ते जागेवर वाळतं. झोपाळ्याच्या फळीला मात्र घाई चालत नाही.

आमच्या पडवीतला झोपाळा फणसाचा आहे. फळी पाडतानाच काकांनी मधला भेंड टाळला होता. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते भेंडापासून सालीकडे आकसतं. या ओढाताणीमुळे भेंड असलेली फळी फुटणारच. म्हणूनच झाडाची आडवी चकती कापून केलेला पोळपाट तडकतो आणि उभ्या फळीतून काढलेला टिकतो. दीड इंचाच्या फळ्या गोठ्याच्या माळ्यावर, सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचल्या. इंचाला एक वर्ष असा सुतारांचा ठोकताळा आहे. कोकणात मधला पावसाळा हिशेबात धरायचा नाही, कारण त्या चार महिन्यांत लाकूड वाळत नाही, उलट हवेतली ओल पिऊन फुगतं. फळ्या जोडून झोपाळा केला तेव्हा खालच्या आडव्या पट्ट्यांना काकांनी गोल भोकं न पाडता लांबट पाडली. पावसाळ्यात फळी रुंदावते, उन्हाळ्यात आकसते, तिला सरकायला वाव हवा. वरून जवसाचं तेल तेवढं दिलं, कारण ते वाळतं. खोबरेल वाळत नाही आणि खवट होतं. बसवला तेव्हा झोपाळा हळदीसारखा पिवळा होता, आता मधाळ तपकिरी झालाय. फणस उजेडात असाच पिकत जातो.

माझं खरं प्रेम मात्र मिलने नाकारलेल्या लाकडावर आहे. मिलला सरळ बुंधा लागतो. वाकडी फांदी, बेचकं, गाठाळ बुडखा हे सगळं जळणात जातं. पूर्वी उलट होतं. शेतकरी रानात नांगराजोगा नैसर्गिक बाक शोधत फिरायचा, कारण वाढतानाच वाकलेल्या लाकडात शिरा त्या बाकाबरोबर वळलेल्या असतात. सरळ फळीतून तोच आकार कापला तर शिरा मध्येच तुटतात आणि लाकूड तिथेच मोडतं. हर्णैकडचे होड्या बांधणारे होडीच्या वाकांसाठी, म्हणजे बरगड्यांसाठी, याच नजरेने झाडं हेरत. नांगर गेले, पॉवर टिलर आले. होड्या फायबरच्या झाल्या. वाकड्या लाकडाला गिऱ्हाईकच उरलं नाही. आम्ही अशा फांद्यांची स्टुलं केली, शाळेच्या पडवीसाठी दोन बाकांचे पाय केले, आणि ऐनाच्या सरळ फांद्या उभ्या फोडून कुदळी-फावड्यांचे दांडे. फोडलेला दांडा कापलेल्यापेक्षा मजबूत, कारण फूट शिरेच्या वाटेनेच जाते.

शिवणीच्या बुडख्याची काठवट ही या सगळ्यातली मला सगळ्यात आवडती वस्तू. ती काकांनी लाकूड ओलं असतानाच वाकसाने कोरली. ओली शिवण लोण्यासारखी निघते. कड अंगठ्याएवढी जाड ठेवून कच्ची काठवट भाताच्या तुसात पुरली, म्हणजे ओल हळूहळू गेली. वाळल्यावर ती किंचित लांबोळी झाली होती. मग तिला बाहेरून तासून, आतून काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत केलं. तळाशी वाकसाचे उथळ घाव मुद्दाम तसेच ठेवले आहेत. आई तिच्यात तांदळाचं पीठ मळते, आणि मळताना काठवट जागची हलत नाही.

सगळं पडलेलं लाकूड उचलावं असं मात्र माझं म्हणणं नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये अभयारण्यांतून आणि राष्ट्रीय उद्यानांतून मेलेली आणि वाऱ्याने पडलेली झाडंसुद्धा काढायला मनाई केली. ते योग्यच झालं. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात अंधारात चकाकणारी बुरशी दिसते, ती कुजणाऱ्या लाकडावरच जगते. आमच्या देवराईत पडलेल्या झाडांनाही कुणी हात लावला नाही. तिथलं लाकूड देवळाच्या कामाला, तेही कौल मिळाला तरच. मालकी रानातसुद्धा जे बद्द वाजलं, पोकळ निघालं, ते आम्ही जागेवरच ठेवलं. आता त्याखाली बेडूक आहेत, विंचू आहेत, आणि त्याच्या मातीत रोपं उगवली आहेत.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा आमच्याकडे पुन्हा काही झाडं पडली. या खेपेस पाऊस लागण्याआधी तोंडं लिंपून झाली होती, खाली दगड गेले होते, आणि मोजमाप, फोटो घेऊन अर्ज तयार होता. वाया गेलेलं लाकूड नगण्य होतं. वादळं पुढेही येणार. घरांच्या पंचनाम्याला येणाऱ्या पथकाबरोबरच वनखात्याचा एक माणूस हातोडा घेऊन आला, आणि तालुक्याला एखादी गावोगाव नेता येण्याजोगी करवतमिल मिळाली, तर दोन महिन्यांचं काम आठवड्यात होईल. हे मी ग्रामसभेत मांडलं आहे आणि मांडत राहणार आहे. काकांचे हात आता थरथरतात, पण टाळेबंदीत गावी राहिलेला त्यांचा नातू मुंबईला परतलाच नाही. सध्या तो किंजळीच्या शेवटच्या फळ्यांतून अंगणवाडीसाठी बुटकी बाकं करतोय.