डाग एकसारखे, वाटा वेगळ्या

न्यू जर्सीतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ऑस्कर ऑरबाख यांनी १९५०च्या दशकात मृतांच्या श्वासनलिकांचे हजारो काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. सिगारेट ओढणाऱ्यांचं अस्तर कॅन्सर होण्याच्या कितीतरी आधीपासून बिघडत जातं, हे त्यांनी दाखवून दिलं. पण माणूस जगला असता तर त्या बिघाडाचं पुढे काय झालं असतं, हे मृतांच्या कापांतून कळणार कसं?

जिवंत माणसाच्या अस्तरावरचा असा बिघाडाचा डाग नीट दिसायला १९९०चं दशक उजाडलं. व्हँकूव्हरच्या स्टीफन लॅम यांनी श्वासनलिकेत उतरवायची निळ्या प्रकाशाची दुर्बीण वापरात आणली. त्या उजेडात निरोगी अस्तर हिरवं चमकतं, बिघडलेलं तांबूस दिसतं. १९९७मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांना धूम्रपान सोडलेल्यांच्या अस्तरातही तिसऱ्या आणि नवव्या गुणसूत्राचे तुकडे गळालेले आढळले. तरी यांतल्या बहुतेकांना कॅन्सर होत नव्हता.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधलं सॅम जेन्स आणि सहकाऱ्यांचं काम. 'कार्सिनोमा इन सिटू' म्हणजे अस्तराची पूर्ण जाडी व्यापलेला, पण खाली न उतरलेला डाग. अशा सुमारे निम्म्या डागांचा दोन वर्षांत कॅन्सर होतो, जवळपास तिसरा हिस्सा आपोआप विरतो. सरसकट शस्त्रक्रिया केली, तर सिगारेटने आधीच थकलेली फुप्फुसं विनाकारण कापली जाणार. म्हणून डॉक्टरांनी लक्ष ठेवायचं ठरवलं. घशात बधिरतेचा फवारा, दुर्बीण आत, खोकल्याची उबळ, चिमटीएवढा तुकडा. काही महिन्यांनी पुन्हा तेच. रुग्णांनी हे वर्षानुवर्षं सोसलं, म्हणूनच तुकड्याशेजारी त्याचं पुढचं भवितव्य नोंदवता आलं.

२०१९मध्ये निष्कर्ष आले. सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसणारे डाग जनुकांत वेगळे होते. पुढे कॅन्सर झालेल्यांत गुणसूत्रांची मोडतोड आणि उत्परिवर्तनं जास्त होती, आणि त्यावरून दोन्ही गट फार अचूकपणे वेगळे काढता आले. त्याच वर्षी बोस्टनच्या गटाला, वाढत जाणाऱ्या डागांत रोगप्रतिकारक पेशींच्या खुणा क्षीण झालेल्या दिसल्या.

एक शंका मात्र रास्त आहे: डाग इवलासा असेल, तर बायॉप्सीतच तो निघून जाऊ शकतो. मग विरला तो आपोआप, की चिमट्याने? शिवाय असे रुग्ण मोजकेच, त्यामुळे जनुकांवरून डागाचं भवितव्य ओळखणारी चाचणी अजून नेहमीच्या अहवालात उतरलेली नाही. पण जेन्स आणि केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०२०मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. सिगारेट सोडलेल्यांच्या अस्तरात जवळजवळ निर्दोष पेशींचं प्रमाण ओढणाऱ्यांच्या चौपट होतं. दुर्बिणीच्या खोलीबाहेर थांबलेल्या रुग्णाला एवढं तर आजही सांगता येतं.