मुद्देमालात पडलेला पैसा

जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता 1 जुलै 2024 ला गेली. नव्या संहितेत जप्तीच्या कलम 102 चं 106 झालं, जप्त माल परत मागण्याच्या 457 चं 503. वकिलांच्या बाररूममध्ये नव्या नंबरांच्या गोंधळावर हसून झालं. माझ्या डोक्यात मात्र संशयावरून धरलेली रोकड आणि तिच्यामागे धावणारे पक्षकार.

नव्वदीपर्यंतच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पैसे जप्त व्हायचे, निकालापर्यंत मालखान्यात पडायचे. 1999 मध्ये तापस नियोगी प्रकरणात बँक खातंही 'मालमत्ता'च, ते पोलिसांना गोठवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाचं मत उलट होतं. मला आजही तेच बरोबर वाटतं. कुणाचे तरी फसवणुकीतले चार पैसे आले म्हणून दुकानदाराचं अख्खं खातं बंद पडतं, त्याची वाट तिथूनच निघाली.

खरे दिवस आले 1 ऑक्टोबर 2002 नंतर. सुंदरभाई अंबालाल देसाई निकाल. प्रकरण गुजरातचं, आणि मुद्देमालात अफरातफर केल्याचा आरोप खुद्द पोलिसांवरच! न्यायालयाने बजावलं: पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या, वस्तू परत द्या, ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्यापलीकडे ठेवू नका. त्या दशकात आम्ही प्रत्येक अर्जाला हा निकाल जोडला. कोर्ट पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवायचं. से यायचा नाही, तारीख पडायची. कधीतरी तो यायचा, एका ओळीचा: 'तपास चालू आहे, हरकत आहे.' खाकी पाकीट, त्यावर लाख, पंचांच्या सह्या आणि आत कांदा व्यापाऱ्याचं भांडवल. तो दरम्यान सावकाराकडे व्याज भरायचा. निकाल आमच्या बाजूचा, कॅलेंडर पोलिसांचं.

नोटाबंदीने उरलंसुरलं उघडं पाडलं. जप्त नोटा पाकिटातच रद्दी झाल्या. 12 मे 2017 च्या नियमांनी न्यायालयाच्या आदेशाने त्या बदलण्याची सोय केली, पण नोटांचे नंबर नोंदलेले हवेत. आमच्याकडच्या पंचनाम्यांत बहुधा 'पाचशेच्या इतक्या नोटा' एवढंच! कोल्हापूरकडच्या काही जणांचे असे अडकलेले 20 लाख बदलून द्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये दिला. तोवर आठ वर्षं गेली होती.

जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला लगेच द्यायची, हे जप्तीच्या कलमातच लिहिलंय. पण उशिरा दिली म्हणून जप्ती रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्येच सांगितलं. मग 'लगेच'ला विचारतो कोण?

नव्या संहितेच्या कलम 497 ने 2002 चं शहाणपण उचललंय: चौदा दिवसांत यादी, फोटो, मग तीस दिवसांत आदेश. मात्र हे चौदा दिवस मोजायचे माल कोर्टासमोर आल्यापासून. ठाण्यात पडलेल्या पाकिटाला ते लागू नाहीत. म्हणून पैसे अडकले तर सेची वाट पाहू नका. नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहून घ्या, प्रत हातात ठेवा आणि त्याच आठवड्यात 503 चा अर्ज टाका.