स्विच बंद केला, पण करंट गेला का?

गिटार वाजवणाऱ्या दोघा-तिघांच्या गप्पा रंगल्या की गाडी कधी ना कधी 'ट्यूब अँप'वर येतेच. काचेच्या नळ्या केशरी उजेडात तापतात, आवाज 'वॉर्म' येतो आणि व्हॉल्यूम चढवला की तोच आवाज मस्त खरखरीत फाटतो. नवीन ट्यूब अँप खिशाला परवडत नाही. मग कुणी आजोबांचा माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ खाली काढतो, कुणी वालीव-सातिवलीच्या भंगारवाल्याकडे जुना पीए अँप शोधतो, तर कुणी विरार लोकल पकडून लॅमिंग्टन रोड गाठतो आणि सुटे पार्ट घेऊन येतो. वसईत चर्चच्या कॉयरपासून लग्नाच्या बँडपर्यंत वाजवणारे हात भरपूर आहेत आणि इंजिनीअरिंगची कॉलेजंही आहेत. त्यामुळे 'घरीच उघडून बघू या' हा मोह अगदी साहजिक आहे.

अडचण आहे ती सवयीची. आपण इलेक्ट्रॉनिक्स शिकतो ते आर्डुइनो आणि ब्रेडबोर्डवर, म्हणजे ५ व्होल्टवर. तिथे चालू सर्किटमध्ये बोट घातलं तरी फार तर एखादी आयसी जळते. ट्यूब अँपच्या आत साधारण २५० ते ४५० व्होल्ट डीसी असतो. ५ व्होल्टवर निर्धास्त झालेला हात इथे जिवावर बेतू शकतो.

एवढे व्होल्ट कशाला?

व्हॉल्व्हमधला फिलामेंट बऱ्याचदा ६.३ व्होल्टवरच तापतो. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात. पण निर्वात पोकळीतून त्यांना पलीकडच्या प्लेटकडे ओढायचं, तर प्लेटवर मोठा धन दाब लागतो. म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर घरातले २३० व्होल्ट आणखी चढवतो, त्याचा डीसी केला जातो आणि तो मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. गिटार अँपमधली ईएल-३४ असो की ईएल-८४, गणित हेच.

या दाबापुढे आपलं शरीर फार दुबळं आहे. घामाने किंवा पावसाने हात ओले असतील, तर शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. ४०० भागिले १०००, म्हणजे ०.४ अँपिअर. हृदयाची लय बिघडवायला याहून कितीतरी कमी करंट पुरतो.

लाइट गेली, तरी अँप जागाच

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाणं नवीन नाही. अँपचा दिवा विझतो, नळ्या थंड होतात आणि वाटतं, चला, आता उघडायला हरकत नाही. पण १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टवर भरलेला असेल, तर त्यात ८ ज्यूल ऊर्जा असते आणि प्लग काढला तरी ती तिथेच राहते. चांगल्या अँपमध्ये ती हळूहळू उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर असतो. तो २२० किलोओहमचा असेल तर साधारण दोन मिनिटं लागतात. जुन्या सेटमध्ये मात्र तो जळालेला असू शकतो किंवा मुळातच बसवलेला नसतो. त्यामुळे 'बंद आहे' हे डोळ्यांनी ठरवू नका. मीटरने मोजूनच ठरवा.

'पण घरात आरसीसीबी आहे ना?' आहे, चांगलंच आहे. पण तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांची तुलना करतो आणि फरक साधारण ३० मिलिअँपिअर झाला की पडतो. अँपमधला शॉक बसतो ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे. तिथे तुमच्या अंगातून करंट गेला, तरी अलीकडचा हिशोब बरोबरच दिसतो. एमसीबीलाही तो करंट किरकोळच वाटतो. थोडक्यात, दोघेही गप्प बसतात.

रिपेअरिंगवाल्यांचा सिरीज बोर्ड जरूर वापरा. अँपच्या सिरीजमध्ये ६० किंवा १०० वॉटचा साधा बल्ब असला की आत शॉर्ट असल्यास बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. पण हे संरक्षण अँपला आहे, तुम्हाला नाही.

हात घालण्याआधी

प्लग भिंतीतून काढा आणि डोळ्यांसमोर ठेवा. नुसत्या स्विचवर भरवसा नको. अंगठी, कडं, गळ्यातली चेन उतरवा. जमीन कोरडी हवी, पायात रबरी चप्पल हवी आणि खोलीत दुसरं कुणीतरी हवंच.

कपॅसिटर उतरवायला १० किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या आणि त्याला इन्सुलेटेड क्लिपच्या वायर जोडा. आधी एक क्लिप चासीला, मग एकाच हाताने दुसरी कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला. दुसरा हात खिशात किंवा पाठीमागे, म्हणजे करंटला छातीतून आरपार वाट मिळत नाही. दहा आकडे मोजा, मग मीटर लावा. मीटर आणि त्याच्या वायरी किमान ६०० व्होल्ट डीसीच्या हव्यात, आणि मीटर चालतोय हे आधी एखाद्या सेलवर तपासा. काम संपेपर्यंत क्लिप काढू नका, कारण उतरवलेला कपॅसिटर थोडा चार्ज पुन्हा धरू शकतो. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची 'स्टाइल' विसरा. त्यात धातू उडतो आणि कपॅसिटरही बिघडतो.

जुन्या रेडिओंपैकी 'एसी-डीसी' सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो. चासी थेट मेन्सला जोडलेली असते. माळ्यावरचा सेट त्यातला निघाला, तर त्याला हात लावू नका.

अँप न उघडणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. मंडपात सॉकेट बसत नाही म्हणून थ्री-पिनची वरची जाड पिन काढून टाकणारे महाभाग असतात. ती पिन अर्थिंगची. ती गेली आणि अँपमध्ये लीकेज असेल, तर हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकला, असा गाणारा स्वतःच वायर बनतो.

आणि भंगारातला मायक्रोवेव्ह? त्यातला मॅग्नेट्रॉन हीसुद्धा व्हॅक्यूम ट्यूबच. त्याचा ट्रान्सफॉर्मर सुमारे २,००० व्होल्ट देतो, तोही भरपूर करंटसह. व्हिडिओ पाहून तो उघडणं म्हणजे मस्करी नाही. तो विषय सोडून द्या.

शॉक बसलाच, तर

माणसाला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा. १०८ किंवा ११२ वर फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा.

व्हॉल्व्ह शिकायचेच असतील तर पहिला अँप एकट्याने नको. कॉलेजच्या लॅब असिस्टंटना किंवा व्हॉल्व्हच्या जमान्यात रेडिओ दुरुस्त केलेल्या एखाद्या काकांना गाठा. मीटर घेऊन त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांचा डावा हात कुठे असतो, ते आधी बघा.