पाळी गेली म्हणजे नेमकं काय झालं? रजोनिवृत्ती, 'पिशवी' आणि त्यानंतरची काळजी

चाळिशी ओलांडलेली बाई तपासायला आली की मी एक प्रश्न हमखास विचारते, "पाळी येते का?" हिंगोली, सेनगाव, औंढ्याकडच्या बायकांकडून बहुतेक वेळा दोनच शब्दांचं उत्तर येतं, "गेली आता." पुढे विचारलं नाही तर विषय तिथेच संपतो. पण या "गेली"मध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एकीची पाळी वयाप्रमाणे आपोआप थांबलेली असते. दुसरीची ऑपरेशन करून पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली असते, आणि तीही कधी कधी पस्तिशीच्या आतच. दोघींनाही घाम फुटतो, दोघींचीही झोप उडते. पुढे घ्यायची काळजी मात्र सारखी नसते.

हा लेख या दोघींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. यात आलेल्या बायकांचे अनुभव अनेकींच्या बोलण्यातून एकत्र केलेले आहेत. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पाळी आपोआप जाते तेव्हा

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढ्या दोन बीजग्रंथी असतात. त्यांतला बीजांचा साठा जन्मापासूनच ठरलेला असतो. तो संपत आला की इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं. मात्र ते सरळ रेषेत उतरत नाही, काही वर्षं वरखाली होत राहतं. म्हणून या काळात पाळी कधी वीस दिवसांत येते, कधी तीन महिने येतच नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं आम्ही म्हणतो. पंचेचाळिशीनंतर त्यासाठी रक्ततपासणीची सहसा गरज पडत नाही.

पुस्तकांत यासाठी एक्कावन्न वर्षांच्या आसपासचं वय दिलेलं असतं. ते पाश्चात्त्य देशांतल्या बायकांचं आहे. इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या पाहणीत भारतीय स्त्रियांचं सरासरी वय ४६च्या आसपास आढळलं. त्यामुळे चव्वेचाळिसाव्या वर्षी पाळी लांबायला लागली तर "एवढ्या लवकर कसं?" म्हणून घाबरू नका. पण पंचेचाळिशीच्या आत ती पूर्ण थांबली तर तपासणी करून घ्या, आणि चाळिशीच्या आत थांबली तर नक्कीच. एक महत्त्वाची गोष्ट राहते: पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस जाणारच नाहीत, असं नाही. नसबंदी झालेली नसेल, तर पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत दोन वर्षं काळजी घ्यावी लागते.

"चूल तर इझलेली, मग झळ कशाची?"

वसमतकडच्या एका बाईंनी गरम वाफांचं जे वर्णन केलं, ते मी अजून विसरलेले नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजवायच्या कामावर त्या जात असत. त्या म्हणाल्या, "कढईजवळ हुबं ऱ्हायल्यावर तोंडाला झळ लागती ना, तशी रात्री दोन वाजता लागती. चूल तर इझलेली."

आपल्या मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. इस्ट्रोजेन कमी झालं की ते फार हळवं होतं. थोडीशी उष्णता वाढली तरी त्याला वाटतं की अंग तापलं, आणि ते त्वचेकडे रक्त सोडतं, घाम आणतं. छाती, मान, तोंड लाल होतं, धडधडतं, आणि दोन-चार मिनिटांत सगळं ओसरून थंडी वाजते. हा त्रास काही महिन्यांचाच असतो असं बऱ्याच जणींना सांगितलेलं असतं. काहींच्या बाबतीत तसं होतंही, पण अनेकींना सात-सात वर्षं वाफा येत राहतात.

आपल्याकडे अडचण अशी, की मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो आणि सगळ्याच तक्रारींना एकच नाव मिळतं, 'उष्णता'. मग सब्जा, गुलकंद, आणि त्याने भागलं नाही की सलाईन. सलाईनच्या बाटलीने गरम वाफा जात नाहीत, पैसे मात्र जातात. सैल सुती कपडे, उशाशी पाण्याची बाटली, रात्री हलकं जेवण, चहा कमी, या साध्या गोष्टींनी थोडा फरक पडतो. झोप मोडत असेल, कामावर लक्ष लागत नसेल, तर औषधं आहेत. त्यात हार्मोनची आहेत आणि बिनहार्मोनचीही आहेत.

मात्र रात्री येणारा प्रत्येक घाम पाळीमुळे आलेला नसतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, बारीक ताप, वजन उतरणं असेल तर थुंकीची तपासणी करा, क्षयरोग असू शकतो. धडधड सतत राहिली तर थायरॉइड आणि ईसीजी पाहावा लागतो. घामासोबत छातीत दुखलं किंवा दम लागला तर थांबू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

जे बोललं जात नाही

लघवीला जळजळ होते म्हणून वर्षात चार वेळा अँटिबायोटिक घेतलेल्या बायका मी पाहते. लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत. खरं कारण कोरडेपणाचं असतं. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीचं आणि लघवीच्या वाटेचं अस्तर पातळ होतं, खाज येते, संबंधाच्या वेळी दुखतं, खोकलं की थेंबभर लघवी होते. वाफा वर्षांनी कमी होतात, पण हा त्रास उपचार केला नाही तर वाढत जातो. उपाय सोपा आहे. जागेवर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, रक्तात ते फारच थोडं जातं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना तसं सांगा.

हे वाचणाऱ्या नवऱ्यांसाठी: ती टाळते, त्याचं कारण राग किंवा अनिच्छाच असेल असं नाही. तिला दुखत असतं आणि ते कोणाला सांगावं, हे कळत नसतं.

चिडचिडीचंही असंच. "आई आजकाल उगीच भांडायली," असं सांगत एक मुलगा आईला घेऊन आला होता. आईशी एकटीशी बोलल्यावर कळलं, की ती तीन महिन्यांत एकही रात्र सलग झोपलेली नव्हती. आधी झोपेवर उपचार केला, तशी भांडणं कमी झाली. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, रडू आवरेना, जीव नकोसा वाटू लागला, तर ते 'वयाचं' म्हणून सोडून देऊ नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सगळ्याच जणी तक्रार घेऊन येतात असंही नाही. "आता नर्सीला नामदेवाच्या दर्शनाला जायचं तर तारीख बघावी लागत नाही," असं एकीने हसत सांगितलं. घरात बाहेर बसण्याची पद्धत पाळणाऱ्या बाईला पाळी जाणं ही सुटका वाटते, आणि त्यात चुकीचं काही नाही.

रक्त जातंय, तेव्हा

"पाळी जाताना असंच जातं, जाऊ दे." या वाक्याने खूप नुकसान केलेलं आहे. चाळिशीनंतर पाळी थोडी पुढेमागे होते, हे खरं. पण तासाभरात पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, आठ दिवसांहून जास्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणं, हे नेहमीचं नाही. अनेकींचं हिमोग्लोबिन सहा-सातवर येईपर्यंत कोणी दवाखान्यात आणत नाही.

आणि पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तपासणी हवीच. एका घरात छप्पन्न वर्षांच्या बाईला पुन्हा रक्त दिसलं, तेव्हा जावांनी चेष्टा केली, "जवान झाली." त्या चेष्टेमुळे तिने पुढे आठ महिने कोणाला सांगितलंच नाही. अशा दहा बायकांमध्ये साधारण नऊ जणींना कर्करोग नसतो, कारण कोरडेपणा किंवा छोटा मोड निघतो. दहाव्या बाईसाठी मात्र ते आठ महिने फार मोलाचे असतात, कारण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग लवकर सापडला तर बहुतेक वेळा ऑपरेशनने बरा होतो. आधी आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ती चार मिलिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा रक्त पुन्हा गेलं, तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. हे हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

पिशवी काढण्याआधी

मराठवाड्यात हा विषय टाळून रजोनिवृत्तीबद्दल बोलताच येत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. आकडे बीडचे आहेत, पण उसाच्या फडावर जाणाऱ्या टोळ्या आपल्या जिल्ह्यातल्या गावांतून आणि तांड्यांवरूनही निघतात. उचल घेतलेली, कोयता लागलेला, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जाणार. पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही. अशा बाईला कोणी म्हणालं, "पिशवी काढ, कटकट जाईल," तर ती हो म्हणते. तिला दोष देऊन काय मिळणार?

पण त्या सल्ल्यात बरंच खोटं असतं. पांढरं जाणं म्हणजे पिशवी सडणं नव्हे. तो बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. कंबरदुखी पिशवी काढून क्वचितच जाते. "मुलं झाली, आता ठेवून कॅन्सर होईल," ही तर निव्वळ भीती आहे. कर्करोग, फार मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, अशा कारणांसाठी हे ऑपरेशन योग्यच असतं, आणि तेव्हा ते लांबवू नये. बाकी जास्त रक्त जाण्यावर आधी गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबीसारखी वस्तू आहे.

ऑपरेशन सुचवलं, तर तीन गोष्टी विचारा: नेमका आजार कोणता, औषधाने का होणार नाही, आणि बीजग्रंथी ठेवणार की काढणार? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा अपमान नाही. गरज नसताना होणाऱ्या या ऑपरेशनांबाबत सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं होतं.

पिशवी आधीच काढलेली असेल, तर

घरी जा, पेटी उघडा, डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर 'टी.ए.एच.' किंवा 'व्ही.एच.' एवढंच लिहिलेलं असेल, तर गर्भाशय काढलं आहे. बीजग्रंथी आत असण्याची शक्यता आहे, म्हणजे पाळी नसली तरी हार्मोन बनतात. तरी ती काही वर्षं आधी थकू शकतात. पण 'बी.एस.ओ.' ही अक्षरं असतील, तर दोन्ही बीजग्रंथीही काढल्या आहेत. ऑपरेशनच्या दिवशीच रजोनिवृत्ती झाली, तीही एका झटक्यात. म्हणून वाफा जास्त जोरात येतात, आणि पंचेचाळिशीच्या आत हे झालं असेल तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

अशा बाईला, दुसरी अडचण नसेल, तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देणं योग्य ठरतं. जे हार्मोन त्या वयात असायलाच हवं होतं, ते आपण भरून देत असतो. पिशवी नसेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालतं. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तर वाढतं. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयाचा झटका, पायात रक्ताची गाठ, यकृताचा आजार किंवा कारण न समजलेला रक्तस्राव असेल तर सहसा ही औषधं देत नाहीत. वयाने पाळी गेलेल्या बाईला त्रास जास्त असेल तर साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत हार्मोन सुरू करणं जास्त सुरक्षित मानलं जातं. मेडिकलमधून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून आणू नका. आधी रक्तदाब आणि स्तनांची तपासणी करून घ्या.

हाडांसाठी रोज हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध-दही, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांतून बरंचसं मिळतं. साधं घसरून मनगट मोडलं, तर प्लास्टर घालून विसरू नका, हाडांची तपासणी मागा. मिसरी हीसुद्धा तंबाखूच आहे, सोडा. गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीनंतर रक्तदाब, साखर, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी मोफत होते. पिशवी काढलेल्यांनीही रक्तदाब, साखर आणि स्तनांच्या तपासणीला जायचं असतं. आशाताईंना वार विचारून घ्या.

कार्ड हरवलं असेल, तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे नोंदीची प्रत मागा. तीही मिळाली नाही तर सोनोग्राफी आणि एफएसएच या रक्ततपासणीवरून बराच अंदाज येतो. फडावर निघायच्या आधी हे करून घेतलं तर बरं. एकदा टोळी निघाली की चार-पाच महिने सवड मिळत नाही.