न दिलेला स्वल्पविराम

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तिथल्या पोर्टलंड शहरातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या गाड्या चालवणाऱ्या तीन चालकांनी २०१४ साली मालकावर दावा लावला. तक्रार जगभरच्या कामगारांची असते तीच होती: आठवड्याला ४० तासांच्या वर राबलो, त्याची दीडपट मजुरी मिळाली नाही. मालकाने राज्याच्या कायद्यातले एक कलम पुढे केले. नाशवंत मालाशी संबंधित काही कामांना जादा मजुरीचा नियम लागू नाही, असे त्यात म्हटले होते. कामांची यादी लांबलचक होती. डबाबंद करणे, प्रक्रिया करणे, टिकवणे, गोठवणे, सुकवणे, बाजारात आणणे, साठवणे, आणि मग शेवटचे पाच शब्द: ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’.

हे कलम मराठीत उतरवायला मी एकदा बसलो आणि शेवटच्या पाच शब्दांपाशी पेन थांबले. ‘पाठवणीसाठी वा वितरणासाठी बांधणे’ असे लिहावे, की ‘पाठवणीसाठी बांधणे वा वितरण करणे’ असे? पहिल्या वाक्यात काम एकच आहे, बांधण्याचे. दुसऱ्यात दोन आहेत, बांधण्याचे आणि वाटण्याचे. चालक माल वाटत होते, बांधत नव्हते. पहिले वाक्य खरे धरले तर त्यांना मजुरी मिळणार, दुसरे धरले तर नाही. मूळ इंग्रजीत ‘शिपमेंट’नंतर एक स्वल्पविराम असता तर अर्थ दुसरा, हे उघड झाले असते. तो नव्हता.

यावर खालच्या कोर्टाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. चालक अपिलात गेले आणि मार्च २०१७ मध्ये न्यायमूर्ती डेव्हिड बॅरन यांनी २९ पानांचा निकाल लिहिला. तो वाचताना आपण कोर्टात आहोत की नववीच्या वर्गात, असा प्रश्न पडतो. चालकांचे वकील म्हणाले, यादीतले प्रत्येक काम ‘इंग’ने संपते, ‘शिपमेंट’ आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ तेवढी संपत नाहीत, म्हणजे ती दोघे एका पंगतीतली, दोन्ही ‘फॉर’च्या हाताखालची. मालकाचे वकील म्हणाले, पाठवणी आणि वितरण म्हणजे एकच; कायदा एकच गोष्ट दोनदा कशाला सांगेल? शिवाय ‘पॅकिंग’ हे यादीतले शेवटचे काम असते तर ‘ऑर’ त्याच्या आधी यायला हवा होता. वर त्यांनी राज्याची कायदेलेखनाची पुस्तिकाच दाखवली. यादीच्या शेवटच्या घटकाआधी स्वल्पविराम देऊ नये, असे तीत स्पष्ट लिहिलेले. म्हणजे स्वल्पविराम नाही यावरून काही सिद्ध होत नाही, कारण तो द्यायचाच नाही असा नियम!

न्यायमूर्तींना दोन्ही बाजू पटल्या. अर्थ संदिग्ध आहे, आणि संदिग्ध असेल तेव्हा मजुरीचा कायदा कामगाराच्या बाजूने वाचायचा, हे त्या राज्याचे धोरण. चालक जिंकले. २०१८ साली तडजोड झाली, ५० लाख डॉलरला.

ज्या स्वल्पविरामावरून हे रामायण घडले त्याला ‘ऑक्सफर्ड कॉमा’ म्हणतात. ‘आणि’, ‘किंवा’ यांच्या आधीचा, यादीतला शेवटचा स्वल्पविराम. ऑक्सफर्डच्या छापखान्याचे नियंत्रक होरेस हार्ट यांनी आपल्या जुळाऱ्यांसाठी १८९३ साली नियमांची एक छोटी पुस्तिका काढली; तिची परंपरा आजही ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनात चालते आणि हा स्वल्पविराम तिथे पाळला जातो. गंमत म्हणजे ऑक्सफर्डचे नाव मिरवणारा हा स्वल्पविराम बहुतेक ब्रिटिश वृत्तपत्रे देत नाहीत, आणि अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनाची नियमावली तो आग्रहाने मागते. अमेरिकेतलीच असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था मात्र साध्या यादीत तो टाळते. जानेवारी २०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, त्या निमित्ताने निघालेल्या ५० पेन्सच्या नाण्यावर शांती, समृद्धी आणि मैत्री अशी तीन नावे होती. तिथे हा स्वल्पविराम नाही म्हणून कादंबरीकार फिलिप पुलमन यांनी सुशिक्षितांनी त्या नाण्यावर बहिष्कार टाकावा असे लिहिले. देश तुटल्याचे दुःख एकीकडे, टिंबाच्या शेपटीचे दुसरीकडे.

आता हा स्वल्पविराम दिला की सगळे स्वच्छ होते, असे त्याचे भक्त सांगतात. ते खरे नाही. घरी निरोप आला: ‘जेवायला काकांचे दोन मित्र, एक वकील आणि एक डॉक्टर येणार.’ पाने दोन मांडायची की चार? ‘वकील’नंतर स्वल्पविराम दिला तर चार मांडावीत असे वाटते. पण निरोप असा असेल: ‘काकांचा मित्र, एक वकील, आणि एक डॉक्टर येणार.’ मित्र हाच वकील असेल तर पाने दोन, नसेल तर तीन. या वेळी घोटाळा ऑक्सफर्डच्या स्वल्पविरामानेच केला. माझे मत विचाराल तर दोन्ही पक्षांनी भांडण थांबवून काकांना फोन करावा, म्हणजे वाक्यच बदलून लिहावे. पण इतके सोपे उत्तर या वादात कोणालाच नको असते.

इंग्रजीत हा प्रश्न इतका पेटतो, याचे कारण त्या भाषेच्या हाडात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विभक्ती होत्या. आपल्या ला, ने, चा, त यांच्यासारखे काम नामाचे शेवटचे अक्षर करीत असे. बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत ते प्रत्यय झिजत गेले. मग कोण कोणाला बांधलेले आहे हे सांगण्याचा भार शब्दांच्या क्रमावर आणि लहानसहान शब्दांवर पडला, आणि छापील मजकुरात त्यातला काही वाटा विरामचिन्हांनी उचलला. आपण ‘वितरणासाठी’ म्हटले की ‘साठी’ त्या शब्दाला चिकटून बसते. सात शब्द पलीकडे नेऊन ठेवला तरी त्याचे नाते सुटत नाही. इंग्रजीचा ‘फॉर’ एकदाच येतो आणि त्याचा हात पुढे किती शब्दांवर आहे हे वाचणाऱ्याने ओळखायचे. ओकहर्स्टचा खटला मराठीत उभाच राहिला नसता. मराठीत अर्थात इतर खटले उभे राहतात. ऱ्हस्व-दीर्घावरून आपण काय कमी भांडलो?

दुसऱ्या भाषेने इंग्रजीचा घोळ सोडवल्याचे खरेखुरे उदाहरण कॅनडात घडले. रॉजर्स या केबल कंपनीने अलायंट या कंपनीशी विजेच्या-टेलिफोनच्या तारांचे खांब वापरण्याचा करार २००२ साली केला होता. करार पाच वर्षे चालेल, त्यानंतर पुन्हा पाच-पाच वर्षे चालेल, वर्षभर आधी लेखी सूचना देऊन तो संपवता येईल, असा मजकूर. शेवटच्या तुकड्याआधी एक स्वल्पविराम होता. त्या स्वल्पविरामामुळे सूचनेची सवलत पहिल्या पाच वर्षांनाही लागू होते, असा अर्थ तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाने २००६ साली लावला. करार मध्येच तोडायला अलायंटला वाट मोकळी झाली आणि दहा लाखांहून अधिक डॉलरचा प्रश्न उभा राहिला. रॉजर्सच्या लोकांनी मग या नमुना-कराराची फ्रेंच प्रत शोधून काढली. कॅनडात दोन्ही भाषा राजभाषा. फ्रेंच वाक्यात शंकेला जागाच नव्हती. २००७ साली आयोगाने आपला निर्णय फिरवला.

पैशाचे एक वेळ ठीक. सर रॉजर केसमेंट यांचे प्रकरण गळ्यापर्यंत गेले. पहिल्या महायुद्धात हे आयरिश देशभक्त जर्मनीत गेले, तिथल्या आयरिश युद्धकैद्यांची ब्रिटनविरुद्ध फौज उभारायच्या खटपटीत राहिले. १९१६ साली पकडले गेल्यावर त्यांच्यावर १३५१ सालच्या राजद्रोहाच्या कायद्याखाली खटला चालला. कायदा जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये. ‘राज्यात वा अन्यत्र’ हे शब्द राजाच्या शत्रूला मिळण्याच्या कृतीला लागतात की नुसते शत्रूला दिलेल्या मदतीच्या ठिकाणाला, यावर बचावाचा सगळा डोलारा. गुन्हा परदेशात घडला, तेव्हा तो या कायद्यात बसतच नाही, असे वकिलांचे म्हणणे. न्यायाधीशांनी अभिलेखागारातल्या मूळ गुंडाळीपर्यंत जाऊन तिथल्या खुणा न्याहाळल्या. बचाव टिकला नाही. ३ ऑगस्ट १९१६ रोजी पेंटनव्हिल तुरुंगात त्यांना फाशी झाली, आणि ‘स्वल्पविरामावर लटकवलेला माणूस’ असे त्यांचे नाव पडले.

हे वाचताना मराठी माणसाला शनिवारवाडा आठवतोच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले ही आख्यायिका ‘ध’चा ‘मा’ म्हणून आपल्या तोंडी बसली. आपल्याकडे अक्षर बदलावे लागले, कारण बदलायला विरामचिन्हच नव्हते. मोडी कागदावर हात न उचलता धावत असे. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे थांबले, हे वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे. स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी आपल्याकडे इंग्रजीच्याच बोटाला धरून आली, आणि ती मराठीत रुळवण्याचे श्रेय मोल्सवर्थचे सहकारी कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. पाहुणे आले, राहिले, आणि आता यादीत ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम दिला की आपले मास्तरही गुण कापतात.

इंग्रजीच्या नियमांना मालक मात्र कोणी नाही. फ्रेंचांची अकादमी १६३५ पासून आहे. जोनाथन स्विफ्टने १७१२ साली इंग्रजीसाठी तसेच काही काढावे अशी सूचना केली. दोन वर्षांत राणी अ‍ॅन वारली आणि ती बारगळली. आपल्याकडे साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, वरचे निरर्थक अनुस्वार एका फटक्यात गेले. इंग्रजीत असा फटका मारणारा हातच नाही. तिथे कायदा केला तो कवींनी, पाद्र्यांनी आणि छापखान्यांनी, ज्याला जमेल तसा.

१६७२ साली कवी ड्रायडनने बेन जॉन्सनला नावे ठेवली, की हा वाक्याच्या शेवटी ‘फ्रॉम’सारखा शब्द सोडून देतो. लॅटिनमध्ये ते चालत नाही ना! पुढे त्याने स्वतःच्या जुन्या निबंधातलीही असली वाक्ये नव्या आवृत्तीत सुधारून घेतली. आपली शब्दयोगी अव्यये जन्मापासून नामाच्या मागेच चालतात, त्यामुळे या सोवळ्याचे आपल्याला हसू येते. १७६२ साली रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने व्याकरणाचे छोटे पुस्तक लिहिले आणि चुकांची उदाहरणे म्हणून थेट शेक्सपिअर आणि मिल्टन यांची वाक्ये घेतली. शेक्सपिअरला नापास करण्याची छाती असलेला हा गृहस्थ पुढे लंडनचा बिशप झाला. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये काही घालू नये हा दंडक तर एकोणिसाव्या शतकातला. ‘करणे’ हा आपला एकच शब्द. त्याच्या पोटात क्रियाविशेषण कोंबायची आपल्याला सोयच नाही. इंग्रजीत सोय आहे, म्हणून बंदी आहे.

ही बंदी अंगात किती मुरते पाहा. २० जानेवारी २००९ रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स बराक ओबामांना शपथ देत होते. राज्यघटनेत ‘फेथफुली’ हा शब्द ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्या मध्ये आहे. रॉबर्ट्स यांच्या तोंडून तो वाक्याच्या शेवटी गेला, ओबामा अडखळले, आणि दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घ्यावी लागली. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांचा तर्क असा की क्रियापद मध्ये फोडायचे नाही ही जुनी शिस्त न्यायमूर्तींच्या जिभेवर स्वार झाली होती. तर्कच आहे. मला तो पटतो, कारण लाल पुठ्ठ्याच्या ‘रेन अँड मार्टिन’वर वाढलेल्या माझ्या पिढीचे हात आजही काही शब्दांपाशी आपोआप थांबतात. (यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही परदेशी पलटणीची साहसकथा लिहिणारे पी. सी. रेन. व्याकरणाच्या त्या पुस्तकात साहसाचा मागमूस नव्हता.)

आणि तरी सगळ्यात कडवे भांडण आहे ते षष्ठीचे. विभक्ती झिजल्या म्हटले, पण नामाला लागणारा एक प्रत्यय उरला: आपल्या ‘चा-ची-चे’चे काम करणारा ‘एस’. त्याच्या आधी जो टांगता स्वल्पविराम येतो, तो अपॉस्ट्रॉफी. भाजीवाले तो अनेकवचनाला लावतात, दुकानांच्या पाट्यांवरून तो गळतो. बर्मिंगहॅम नगरपालिकेने रस्त्यांच्या पाट्यांवरून तो २००९ साली हद्दपार केला, वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्याच दुकानाने २०१२ साली आपल्या नावातून काढला. अमेरिकेचे भौगोलिक नामकरण मंडळ तर १८९० पासून त्याला नकाशावर येऊ देत नाही. मार्थाज व्हिनयार्डसारख्या मोजक्या ठिकाणांना तेवढी सवलत. जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने २००१ साली अपॉस्ट्रॉफी संरक्षण संस्था काढली, त्याच वर्षी त्यांना विनोदी संशोधनाचे ‘इग नोबेल’ मिळाले. २०१९ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असे सांगून त्यांनी संस्था मिटवायची ठरवली. पुढे दुसऱ्यांनी ती उचलून धरली. ब्रिस्टल शहरात तर एक निनावी गृहस्थ वर्षानुवर्षे रात्री लांब दांडी घेऊन बाहेर पडत आणि दुकानांच्या पाट्यांवरचे चुकीचे अपॉस्ट्रॉफी झाकून, राहिलेले चिकटवून येत. २०१७ साली बीबीसीने त्यांना गाठले, तेव्हा हे बेकायदा नाही का, असे विचारले गेले. चुकीचा अपॉस्ट्रॉफी हाच मोठा गुन्हा, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर होते.

या माणसाला मी हसतो आणि त्याचा हेवाही करतो. आपल्याकडे पाट्या दुरुस्त करायला निघालो तर कोपऱ्यापर्यंत पोचायलाच दसरा उजाडेल.

मेन राज्याच्या विधिमंडळाने पुढे ते कलम दुरुस्त केले. स्वल्पविराम घातला असेल असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. प्रत्येक कामानंतर त्यांनी अर्धविराम दिला आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’चे ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ केले. ऑक्सफर्डच्या स्वल्पविरामाला ना हो म्हटले ना नाही. पुस्तिकेचा नियम शाबूत राहिला, आणि दूध वाटणे हे जादा मजुरीला अपात्र काम ठरले.